रणपिसेकाकांचं लॅटिन

दोन माणसं भांडायला लागली की तिसरा सोडवायला धावतो. आमचे रणपिसेकाका ऐकायला धावतात. डोळे मिटून, मान हलवत.

मुलुंडच्या आमच्या सोसायटीत पार्किंगवरून सेक्रेटरी सामंतांशी माझी जुंपली होती. चूक माझीच, गाडी त्यांच्या जागेत होती. म्हणून मी जास्त ओरडत होतो. मागून आवाज आला, "वा! बरगड्या उघडल्या! दोघांचेही आवाज जाड. मंगळवारी सात वाजता हॉलमध्ये या."

काकांची सगळी नोकरी विक्रोळीच्या कारखान्यात, लेथ मशीनवर गेली. तिथे मशीन बसवायला आलेल्या एका परदेशी इंजिनिअरने जाताना त्यांना एक कॅसेट दिली. आठशे वर्षांपूर्वीच्या लॅटिन कविता, त्यांना आपल्या काळातल्या कुणीतरी लावलेल्या चाली, आणि म्हणायला अख्खा घोळका. तेच काकांना सोसायटीत बसवायचं होतं.

भांडणांतून, भाजीच्या घासाघिशीतून आणि मुलांना खाली हाका मारणाऱ्या बायकांतून काकांनी बावीस गळे गोळा केले, माझा आणि सामंतांचा धरून. हातात कारखान्यातली स्टीलपट्टी. सूर हलला की ती पट्टी आमच्या फासळ्यांवर टक टक. "पोकळ वाजतोयस रे. श्वास भर!"

अर्थ विचारला की म्हणायचे, "आधी सूर धर. अर्थ कुठे पळत नाही." एवढं गंभीर वाजतंय म्हणजे देवाचंच असणार, असं आम्ही धरून चाललो. जोशीवहिनी चपला काढून उभ्या राहायच्या. मी तर एकदा शेवटी नमस्कारही केला.

रविवारी हॉलमध्ये होणाऱ्या कार्यक्रमाला चार दिवस उरले असताना मला अवदसा आठवली. मी फोनवर भाषांतर शोधलं. पहिल्या कवितेत दारू, दुसरीत जुगार, तिसरीत वसंत ऋतू आणि कुरणातली पोरगी. पुढचं विचारू नका. 'आपण हे म्हणतोय बघ!' असं लिहून सगळं बायकोला पाठवलं. बायको म्हणाली, "मला काहीच आलं नाही." सोसायटीच्या ग्रुपवर मात्र सगळ्यांना आलं होतं.

सामंतांनी लगेच मीटिंग लावली. "हॉल मिळणार नाही. मुलंबाळं आहेत इथे."

माझ्यामुळे वाट लागली होती, म्हणून सावरायला मीच उठलो. "काका, सोडा ना ते. तुम्ही एकटेच एखादं मराठी गाणं म्हणा. झकास होईल."

काकांनी माझ्याकडे पाहिलं, उभे राहिले आणि गायले. एकच सूर. तोच, तोच, पुन्हा तोच. बारा वेळा.

"एवढाच आहे माझ्या वाट्याला," ते म्हणाले. "तीस वर्षं घरात कॅसेटबरोबर म्हणतोय. एकट्याने म्हटलं की हे एवढंच वाजतं रे. त्याचं गाणं व्हायला बाजूला माणसं लागतात."

मग जोशीवहिनी म्हणाल्या, "सामंत, गेल्या विसर्जनाला तुम्ही कुठल्या गाण्यावर नाचलात, म्हणून दाखवू?"

हॉल मिळाला.

रविवारी हॉल भरला. पहिल्याच कवितेत सगळ्यांनी थांबायचं होतं तिथे मी थांबलो नाही. भर शांततेत आठशे वर्षांपूर्वीचा दारुडा एकटा मीच. माझी बायको पहिल्या रांगेत पदरात तोंड खुपसून हसत होती.

शेवटची कविता सुरू झाली. काकांची पट्टी वरखाली होत होती. आवाज चढत गेला, बाया वर, आम्ही खाली, आणि मध्येच काकांनी पट्टी खिशात घातली. समोरची जागा सोडून ते सरळ आमच्या ओळीत आले.

"सरक रे," मला म्हणाले आणि माझ्या न् सामंतांच्या मध्ये घुसले.

समोर हात हलवायला आता कुणी नव्हतं. तरी आम्ही थांबलो नाही. त्या गदारोळात काकांचा सूर मला ऐकू येत नव्हता. पण माझ्या खांद्याला त्यांचा खांदा लागला होता, आणि तो गात होता.