'झडती'चं चौथं पान

मे महिन्यात, भर दुपारी, गुलमंडीवर माकडटोपी घातलेला माणूस दिसला की औरंगाबादचे समस्त हॉटेलवाले समजून जायचे: 'झडती'चे संपादक गुपचूप जेवायला निघाले आहेत.

टोपीच्या जोडीला काळा चष्मा. काखेत छत्री. मागे दहा पावलांवर मी, कारण आम्ही एकमेकांना ओळखत नाही असं ठरलेलं असायचं. ते आत शिरले की गल्ल्यावरचा माणूस भटारखान्याकडे तोंड करून कुजबुजायचा, आणि त्याची कुजबुज रस्त्यापर्यंत ऐकू यायची: "साहब भेस बदलके आये! नाम नक्को लेना कोई!" मग अख्खं हॉटेल माणिकराव देशमुखांना न ओळखण्याच्या कामाला लागायचं.

माणिकराव मूळचे बिडकीनकडचे. घरची शेती थोरल्या भावाच्या हवाली करून शहरात आले आणि चार पानांचं साप्ताहिक काढून बसले. पहिल्या पानावर राजकारण, दुसऱ्यावर नाटकं आणि कविसंमेलनं, तिसऱ्यावर गाणं, चौथ्यावर खाणं. तिसरं पान माझं. मी कॉलेजात मराठी शिकवायचो आणि कव्वालीच्या मैफिलींवर लिहायचो. लोक मात्र 'झडती' मागच्या पानापासून वाचायला घ्यायचे, आणि माझ्या पानापर्यंत येईस्तो त्यात कुणीतरी भजी बांधलेली असायची.

'झडती' हे नाव उगाच नव्हतं. माणिकरावांचा कशावर म्हणून विश्वास नव्हता. मी लिहून आणायचो, 'मैफल रंगली.' ते कानामागची लाल पेन्सिल काढायचे.

"कशावरनं?"

"लोक डोलत होते, माणिकराव."

"लोक झोपेतबी डोलतात. डोळे उघडे होते का?"

मंत्री आजारी असल्याची बातमी आली की, "थर्मामीटर कुणी बघितला?" मला मुलगी झाली तेव्हा मी पेढे घेऊन गेलो. त्यांच्या तोंडून 'कशा' एवढं निघालंच. उरलेलं त्यांनी गिळलं, पेढा उलटा-सुलटा करून बघितला आणि अर्धा मोडून माझ्यासमोर धरला. "आधी तू खा."

मला वाटलं, विषाचा संशय!

कुठलाही घास असो, आधी मी खायचा असा नियमच होता. ते समोर बसून माझ्या तोंडाकडे फौजदारासारखे बघायचे. "मीठ आधी लागलं का मागनं? तिखट कुठं बसलं, शेंड्यावर का घशात? भुवया कामून वर गेल्या? खरं सांग." मी घामाघूम होऊन जबानी द्यायचो. मग ते स्वतः जेवायचे, कोर्टाची नोटीस वाचावी तशा चेहऱ्याने. अकरा वर्षांत त्या माणसाच्या तोंडून जेवताना एकदाही 'वा' ऐकलं नाही. आणि आठवड्याने चौथ्या पानावर वाचावं तर: 'वरणातला हिंग सभेला उशिरा आलेल्या पुढाऱ्यासारखा असावा. आलाय हे कळावं, पण त्यानं भाषण करू नये.' वाचूनच तोंडाला पाणी सुटायचं.

संशय हा संसर्गजन्य रोग आहे. तो मलाही झाला. हा माणूस जेवताना असा दगड आणि लिहिताना असा लोणी कसा? कुणी लिहून देतं का? हॉटेलवाल्यांकडून काही पोचतं का? मी पाळत ठेवायला लागलो. ते मालकांशी काय बोलतात, हात खिशाकडे जातो का, सगळं टिपून ठेवलं. सापडलं काहीच नाही. संशय वाढला.

तेवढ्यात शहागंजचे हॉटेलवाले गफूरभाई भडकले. त्यांच्या नान-खलियाबद्दल छापून आलं होतं, 'रस्सा इतका पातळ की मटणाच्या बोटीला शरमल्यासारखं झालं.' गफूरभाई अंक फडकावत 'झडती'च्या दारात उभे राहिले.

"देशमुख साब, मेरेको शक है. तुमने मेरा खलिया चख्याच नहीं! परसों आओ. दो कटोरे रखता मैं. एक मेरा, एक दूसरे का. पहचाने तो मैं चुप. नहीं पहचाने तो पहले पान पे माफी, और ये खाने का पान बंद!"

माणिकरावांनी 'कशावरनं?' सुद्धा विचारलं नाही. फक्त पांढरे पडले. मी मनात टाळी वाजवली. आता कळेल.

ठरल्या दिवशी दुपारी गफूरभाईंचं हॉटेल गच्च भरलं. माणिकराव माकडटोपी घालूनच आले.

"आज तरी काढा की," मी म्हणालो. "बोलावून आलोय आपण."

"सगळ्यांनी ओळखलंय कशावरनं?"

दोन वाट्या आल्या. दिसायला जुळ्या बहिणी. माणिकरावांनी दोन्ही माझ्याकडे सरकवल्या. "आमच्यात झडती साक्षीदारापासून सुरू होत असती."

मी ठरवून आलो होतो. पहिला घास घेतला. काय खलिया होता! भुवया वर जायला निघाल्या, मी त्यांना धरून ठेवलं. दुसरा घास. मसाला कच्चा आणि मीठ दुप्पट. तरी चेहरा दौलताबादच्या तटासारखा. सांगा आता, माणिकराव.

ते माझ्याकडे बघत राहिले. मग स्वतः चाखलं. ही वाटी, ती वाटी, परत ही. टोपीखालून घामाची धार निघाली. त्यांनी चष्मा काढला. अकरा वर्षं मी ज्या डोळ्यांना घाबरत होतो ते डोळे मेळ्यात हरवलेल्या लेकरासारखे माझ्या तोंडावर काहीतरी शोधत होते.

का कोण जाणे, माझा हात आपोआप पुढे गेला. मी नानचा आणखी एक तुकडा मोडला आणि पहिल्या वाटीत बुडवला.

"हा गफूरभाईंचा," माणिकराव ताडकन म्हणाले. "आन् आज रस्सा दाट हाय."

गफूरभाईंनी त्यांना टोपीसकट मिठी मारली.

तिथून ते मला औरंगपुऱ्यातल्या आपल्या खोलीवर घेऊन गेले. अकरा वर्षांत पहिल्यांदा. एक कॉट, एक स्टोव्ह, जुन्या अंकांची थप्पी. त्यांनी चहा केला. आज नियम विसरले होते. आधी स्वतःच बशीभर पिऊन टाकला. मग मी घोट घेतला.

चहात साखरेच्या जागी मीठ होतं.

मी घोट गिळला. "फक्कड!" म्हणालो. पण माझ्या तोंडाची जबानी ते आधीच वाचून मोकळे झाले होते. उठले, दोन्ही कप मोरीत ओतले, पाठमोरेच बोलले.

"पोलीस ॲक्शनच्या वर्षी निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या सरहद्दीवरच्या कँपात होतो. टायफॉइड झाला. ताप गेला तो जीभ घेऊनच गेला. त्याच्या आधी शेवटचं काय खाल्लं, ते बी ध्यानात नाय. माहीत असतं तर नीट खाल्लं असतं."

"मग चौथं पान कशाला काढलं, माणिकराव?"

"राजकारणावर एकट्यानं लिहिता येतं," ते म्हणाले. "खाण्यावर लिहायचं तर समोर कुणीतरी बसावं लागतं."

त्यांनी दोन्ही डबे माझ्यासमोर ठेवले. मी चाखून साखरेचा दाखवला. चहा पुन्हा झाला. पहिला कप माझ्या हातात आला. "आधी तू."

मी प्यालो. "आता झालाय."

'कशावरनं?'ची वाट बघत होतो. तो प्रश्न आला नाही. माणिकरावांनी माकडटोपी काढून खुंटीला लावली, माझ्या तोंडाकडे बघत बघत बशी ओठाला लावली आणि डोळे मिटून म्हणाले, "वा."