हळदकुंकवाचा प्लग

एका जंगलात, बाळांनो, माहितीचा फार सुकाळ झाला होता. कुणी किती डरकाळ्या फोडल्या, कुणी कुणाला खाल्लं, सगळं सिंहमहाराजांच्या दोन गुहांमध्ये साठवलेलं असे. एका गुहेतली माहिती दुसरीत जायची ती काचेच्या धाग्यांतून, उजेडाच्या रूपानं.

पूर्वी एका प्लगमध्ये एकच धागा असे. मग जंगलात बडबड वाढली आणि एकाच प्लगमध्ये बारा धागे बसवायची वेळ आली. प्लग चिंचोक्याएवढा, धागे केसासारखे बारीक. हे काम गोदाक्काकडे आलं. ती शिंपी पक्षीण; पानाला पान शिवण्यात तिच्या सात पिढ्या गेलेल्या. तिचा नियम एकच. आधी बघायचं, मग पुसायचं, पुन्हा बघायचं, मगच जोडायचं. कारण धुळीचा एक कण बसला तरी धागा आंधळा होतो.

पलीकडे उजेड पोचला तर उंबराचं झाड तिचं, नाहीतर पिल्लांसकट जंगल सोडायचं, असं महाराजांनी ठरवून टाकलं होतं. घरट्यात तीन पिल्लं, अजून पंखही न फुटलेली.

उद्घाटनाला राजपुरोहित कोल्हा आला. त्यानं नारळ फोडला, मंत्र पुटपुटला आणि प्लगच्या चकचकीत तोंडाकडे कुंकवाचं बोट नेलं.

गोदाक्का म्हणाली, "भटजीबुवा, तेवढं तोंडाला नको. मागच्या बाजूला लावा हवं तर."

"अगं, कुंकू काय पाठीला लावतात?" कोल्हा म्हणाला, आणि त्यानं बोट टेकवलंच.

प्लग जोडला. बाराच्या बारा धागे आंधळे. महाराजांच्या शेपटीचा गोंडा हलायला लागला. गोदाक्कानं लगबगीनं प्लग काढला, पुसला, निरखला, पुन्हा जोडला. पलीकडच्या गुहेत लख्ख उजेड पडला.

आता टाळ्या वाजणार, इतक्यात कोल्हा हळूच म्हणाला, "महाराज, भरल्या सभेत हिनं कुंकू पुसलं."

हरणींनी माना खाली घातल्या. उद्या सकाळी कुंकूही दिसलं पाहिजे आणि उजेडही, नाहीतर चालती हो, असं महाराजांनी फर्मावलं.

गोदाक्का घरट्यात येऊन आधी पोटभर रडली. मग तिनं डोकं चालवलं. भंगारातला एक जाडजूड पितळी प्लग चिंचेनं घासून तिनं गुहेच्या दारात टांगला. त्याच्या मागे धागा एकही नव्हता. खरा चिंचोक्याएवढा प्लग तिनं आत, कपाटाच्या मागे जोडून ठेवला.

सकाळी कोल्ह्यानं पितळी प्लगला मूठभर कुंकू फासलं. पलीकडे उजेड होताच.

"बघितलंस? श्रद्धा लागते," महाराज म्हणाले.

"लागते, महाराज," गोदाक्का म्हणाली. उंबर तिचा झाला.

त्या वर्षीचं उत्कृष्ट सेवेचं पदक पितळी प्लगला मिळालं. सगळ्यांत जोरात पंख गोदाक्कानंच फडफडवले.

तात्पर्य: प्रत्येक कचेरीत एक काम करणारा हवा आणि एक कुंकू लावून घेणारा. दोघांची गाठ मात्र कधी पडू देऊ नये.