वाहिनी क्रमांक चार

नारायण पेठेतल्या आमच्या सोसायटीत चार कॅमेरे बसले, तेव्हा ते बसवणाऱ्या माणसाला मी ठणकावून सांगितलं, "सेटिंगचं माझ्यावर सोडा. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालोय. पाचवी ब सांभाळलेल्याला चार कॅमेरे काय जड!"

त्यानं कॅमेऱ्यांना 'चॅनेल' अशी नावं दिली होती. मी सेक्रेटरी असताना हे खपणार नव्हतं. मोबाईलवर रेकॉर्डरचं ॲप उघडून मी नावं बदलली. वाहिनी १, वाहिनी २, वाहिनी ३. चौथ्या, पार्किंगमधल्या कॅमेऱ्याच्या वेळी मोबाईलनं शब्द आपणहून सुचवला, मी अंगठा टेकवला आणि 'सर्व कॅमेऱ्यांना पाठवा' करून मोकळा झालो. आता खाली खुट्ट झालं की आठही घरांच्या मोबाईलवर सूचना! बायकोला म्हटलं, "बघ कुसुम, शुद्ध मराठीत सुरक्षा."

"चहा गार होतोय," कुसुम म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी चार नंबरच्या फ्लॅटमधल्या श्यामरावांचा फोन आला. त्यांचा मार्केट यार्डात गुळाचा गाळा आहे. मागे हमालांचा गलका चालला होता.

"सर, आमच्या चार नंबरला काय झालंय? संपर्क तुटला असं आलंय."

"घाबरू नका. सकाळपासून मधूनमधून बंद पडते आहे."

"बंद पडते? मला काहीच बोलली नाही."

"ती कशी बोलेल? ती फक्त बघते."

"आणि अनोळखी व्यक्ती आढळली, ते काय?"

"अहो, दिवसभर कोणी ना कोणी येतंच तिच्यासमोर. आज सिलिंडरवाला होता. त्यासाठीच तर ठेवलीय तिला."

पलीकडचा गलका एकदम लांब गेला. मला वाटलं, रेंज गेली.

"मग... आता करायचं काय?" श्यामरावांचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"तोंड जरा दुसरीकडे फिरवून बघतो. नाहीच सुधारली तर बदलून मिळेल, वॉरंटीत आहे."

फोन कट झाला. माणूस सज्जन, पण तांत्रिक विषयात कच्चा, असं मी कुसुमला सांगितलंसुद्धा.

श्यामरावांच्या पत्नी शर्मिलावहिनी दुपारी एक ते चार झोपतात, तेही मोबाईल मुका करून. त्यामुळे नवऱ्याचे सगळे फोन वाया गेले. तो बिचारा रिक्षा करून आला आणि स्वतःच्याच घराचं दार बडवू लागला. दार उघडल्यावर जे संभाषण झालं त्यातलं एकच वाक्य मला वरच्या मजल्यावर नीट ऐकू आलं.

"सर म्हणाले, सुधारली नाहीस तर बदलून मिळेल!"

पाठोपाठ आमची बेल वाजली. दारात दोघं नवरा-बायको. शर्मिलावहिनींनी मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. "वाचा."

मी वाचलं. 'वहिनी ४ : अनोळखी व्यक्ती आढळली.'

सकाळीही हेच वाचलं होतं. पण तेव्हा काना माझ्या डोळ्यांनीच घालून घेतला होता. मुलांच्या वह्यांत काना राहिला की अर्धा गुण कापणारा मी!

"हे आठही घरांत गेलंय, सर," वहिनी म्हणाल्या. "सातमधल्या शेफालीनं मेसेज करून विचारलंय, घरी सगळं ठीक आहे ना. जिन्यात मी कोणाकोणाला काय सांगू?"

मला खरोखर मेल्याहून मेल्यासारखं झालं. "आत्ता दुरुस्त करतो," म्हणून मी रेकॉर्डरमध्ये काना दिला. वाहिनी ४. सगळ्यांना दाखवलं. बघता बघता काना गेला. पुन्हा दिला, पुन्हा गेला! मी रेकॉर्डरला नवं नाव सांगत होतो आणि कॅमेरा त्याला आपलं जुनंच नाव सांगत होता. दोघांपैकी मोठा कोण, हे मला काही केल्या कळेना.

"आधी कोणाला सांगायचं असतं? याला की त्याला?" मी श्यामरावांनाच विचारलं.

"मी गुळाचा व्यापारी आहे, सर."

शर्मिलावहिनींचा संयम तिथे संपला. आमच्या दारात, जिन्याच्या तोंडाशी उभं राहून त्या कडाडल्या, "एक काना, सर! एक काना द्यायला एवढा वेळ?"

आवाज जिन्यावरून थेट खाली पार्किंगमध्ये पोहोचला असावा. कारण आम्हा सगळ्यांचे मोबाईल एकदम वाजले.

'वहिनी ४ : मोठा आवाज आढळला.'

या सूचनेबद्दल मात्र आठांपैकी एकाही घरातून चौकशी आली नाही.