माईंची सहा वर्षं

बातमी आली त्या सकाळी नाना कुकरची शिट्टी दुरुस्त करत होते. (शिट्टी चांगली होती. दुरुस्तीनंतर नवी आणावी लागली.) खालच्या मजल्यावरचा औषधवाला माईंचे डोळ्यांत घालायचे थेंब द्यायला आला आणि जाता जाता म्हणाला की, सत्तरी ओलांडलेल्यांना सरकार आता आरोग्य विमा देतंय, हप्ता नाही, मोतीबिंदूसुद्धा त्यात बसतो.

माईंचे दोन्ही मोतीबिंदू पिकून तयार होते. ऑपरेशन परवडत नव्हतं, म्हणून दोन वर्षं थेंबांवर भागत होतं. हल्ली त्या खुंटीवरच्या कोटाला "चहा घेणार का?" विचारायच्या, आणि कोट उत्तर देत नाही याचं त्यांना नवल वाटत नसे. नानाही लग्नापासून तेवढंच बोलत आले होते.

"कागदपत्रांचं माझ्यावर सोड," नाना म्हणाले. पस्तीस वर्षं ते नोंदणी कार्यालयात कारकून होते. दाखल्याशिवाय त्यांनी समोर उभ्या असलेल्या सख्ख्या मेव्हण्यालाही जिवंत मानलं नव्हतं.

सुविधा केंद्रात ज्येष्ठांची खिडकी दुसऱ्या मजल्यावर होती आणि लिफ्ट बंद होती. नानांचं काम दहा मिनिटांत झालं. माईंचा अंगठा मात्र मशीनने तीनदा नाकारला. भांडी घासून घासून रेषाच उरल्या नव्हत्या. शेवटी करंगळीवर निभावलं. मग खिडकीतल्या ताईंनी पडद्याकडे पाहिलं.

"आजी, तुम्ही सहासष्ट वर्षांच्या. चार वर्षांनी या."

"मी बाहत्तर वर्षांची आहे," माई म्हणाल्या.

मागच्या रांगेने माना उंचावल्या. कुणा बाईने सहा वर्षं स्वतःहून वाढवून मागितल्याचं तिथे कुणी ऐकलं नव्हतं.

नानांनी घाईघाईने सांगून टाकलं की, त्या काळचे कारकून असेच, पेंगत पेंगत लिहायचे. (त्या काळचे कारकून म्हणजे नाना.) ताईंनी जुना अर्ज पडद्यावर उघडला. अक्षर मोत्यासारखं होतं. खाली सही नानांची.

घडलं होतं ते असं. माई नानांपेक्षा वर्षाने मोठ्या. आईला कळलं तर ती घर डोक्यावर घेईल, म्हणून लग्नानंतरच्या पहिल्याच अर्जात नानांनी बायकोचं वय उतरवलं. दोन वर्षं कमी करून भागलं असतं. पण आता हात घातलाच आहे तर, म्हणून त्यांनी सहा उतरवली. पुढचा प्रत्येक कागद त्या कागदावरून झाला.

"काय लिहिलंय हो त्यात?" माईंनी विचारलं. त्यांना पडदा नुसता पांढरा दिसत होता.

"अक्षर लागत नाही," नाना म्हणाले.

ताईंनी शांतपणे नियम सांगितला. शाळेचा दाखला जोडा, आणि मूळ माहिती ज्याने दिली त्याने चूक कशी झाली ते स्वतः लिहून द्यावं. नाहीतर चार वर्षं. नानांनी एकदा त्या सहीकडे पाहिलं, एकदा माईंकडे. माई खिडकीशेजारच्या टेबलफॅनकडे बघून अदबीने मान डोलावत होत्या. ताई तिथे आहेत असं त्यांना वाटत होतं.

नानांनी पेन उघडलं. 'कारण' या रकान्यात लिहिलं, 'आईच्या भीतीने'. मग बाकावर बसून त्यांनी माईंना सगळं सांगितलं, खाली बघत.

"ठाऊक आहे मला," माई म्हणाल्या. "सासूबाईंनीच सांगितलं होतं. म्हणाल्या, लपवतोय तर लपवू दे त्याला. त्याला वाटतंय मला माहीत नाही."

आईला जाऊन एकोणीस वर्षं झाली होती. नाना बराच वेळ पेनाचं टोपण शोधत राहिले. ते पेनाच्याच मागे लावलेलं होतं.

दाखला जोडला, वय वाढलं, महिन्याभराने कार्ड आलं. ऑपरेशनला एक पैसा लागला नाही. पट्टी सुटल्यावर घरी येऊन माईंनी आधी खुंटीकडे पाहिलं, मग नानांकडे, चांगलं निरखून.

"कोटच बरा होता," म्हणाल्या.

त्यांची माफी मागायची, असं नानांनी त्या दिवशी बाकावरच ठरवलं होतं. कोटासमोर दोनदा म्हणूनही पाहिलं. माईंसमोर म्हणायचं अजून राहिलंय.