दीडशे तासांचा कळवळा

डॉक्टर व्हायला कळवळा लागतो, आणि जो तासांत मोजता येत नाही अशा कळवळ्यावर कुठल्याही निवड समितीने विश्वास ठेवू नये. नेब्रास्कातल्या आमच्या कॉलेजच्या मार्गदर्शन कचेरीत मी एकोणीस वर्षं हेच सांगत आलो आहे. डॉक्टर व्हा, दंतवैद्य व्हा: मेडिकलच्या प्रवेशअर्जाला दीडशे तास रुग्णसेवा, सहीसकट.

अडचण एकच. गावच्या रुग्णालयात खाटा बारा आणि आमचे विद्यार्थी सेवेकरी एकाहत्तर. (गाव दुर्दैवाने निरोगी आहे.) त्यामुळे खुब्याचं हाड मोडून मिस्टर हॅल्व्हर्सन दाखल झाले, तेव्हा कचेरीत केक कापला गेला. वय ब्याऐंशी, जवळचं कोणी नाही. आम्ही लगेच वीस-वीस मिनिटांच्या पाळ्या लावल्या.

पहिल्या चार दिवसांत त्यांना एकशे अठरा वेळा धीर देण्यात आला, त्यांपैकी ब्याण्णव वेळा हात हातात घेऊन (उजवा, डाव्याला सलाईन होतं). शेवटी नर्सने त्यांची उशी कपाटात ठेवली. ती सारखी करून करून फाटली होती.

पाचव्या दिवशी सकाळी तिसऱ्या वर्षाची मॅरेन प्रिबिल आत गेली. तिचे नऊ तास कमी होते आणि अर्जाची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती.

"कसं वाटतंय तुम्हाला?" तिने तासांची वही उघडली.

"तू आजची सहावी. मला कसं वाटतंय ते आता मलाच कळेनासं झालंय."

"मी काय करू तुमच्यासाठी?"

"झोपू दे गं पोरी. चार दिवस डोळ्याला डोळा लागला नाही."

मॅरेनने वही मिटली, दार ओढून घेतलं आणि बाहेर खुर्ची टाकून बसली. पुढच्या सव्वीस जणांना तिने परत पाठवलं. दोघं रडले. (त्यांचा तेवढा वेळ आम्ही 'दुःखाचा प्रत्यक्ष अनुभव' या सदरात धरला.) म्हातारबुवा नऊ तास घोरत होते.

संध्याकाळी वही माझ्यासमोर आली.

"रुग्ण झोपलेला, तू दाराबाहेर. यात सेवा कुठे झाली?" मी विचारलं.

"त्यांनाच विचारा ना."

"विचारलं. म्हणतात, इथे आल्यापासून एवढं कुणीच केलं नाही. पण रुग्णाचं मत लिहायला फॉर्मात रकाना नाही, मॅरेन."

ती बराच वेळ फॉर्म उलटसुलट करून पाहत राहिली. मग "बरं," म्हणाली आणि गेली. नऊ तास बाद झाले. आता ती त्याच रुग्णालयात खाटा ढकलते.

उरलेले सत्तर जण डॉक्टर झाले. पुढे कधी तुमची नाडी त्यांच्यापैकीच कोणीतरी धरेल. निर्धास्त असा, त्यांच्या फायलीत एक मिनिटही कमी नाही.