'स्टॉक' या शब्दाचे मालक

बायकोला संध्याकाळच्या इंग्रजी वर्गात घालायची कल्पना माझीच. रोज त्या वेळी ती दुकानात येऊन गिऱ्हाइकांशी खरं बोलायची ("हे कुलूप आमच्या घरी टिकलं नाही हो"). म्हटलं, ती शिकेल आणि धंदाही वाचेल. एका दगडात दोन पक्षी. तो दगड माझ्याच टाळक्यात बसेल हे कुठे ठाऊक होतं?

माझं कड्याकुलपांचं दुकान. शाळा लवकर सुटली. जे शिकलो ते गल्ल्यावर बसून.

वर्ग सुरू झाला आणि जेवताना "सर म्हणतात" सुरू झालं. सरांचा आवाज फार शांत आहे म्हणे. असणारच. वापरलेली बिजागरी बदलून मागणारं गिऱ्हाईक त्यांना कुठे भेटतं? मग तिने वर्गासाठी शाईचं पेन घेतलं. मी चिडलो नाही. (फक्त भाजी अळणी आहे असं दोनदा म्हणालो. मीठ बरोबर होतं.)

पण एके दिवशी सरांनी माझ्या हद्दीत पाय टाकला.

"अहो, आज 'स्टॉक' शिकवला," ती म्हणाली. "मूळ अर्थ झाडाचं खोड, ओंडका. शिवाय घराणं, बंदुकीचा लाकडी दस्ता, गुरंढोरं, हाडं उकळून काढलेलं पाणी, सगळं स्टॉकच."

"आणि दुकानातला माल?"

"तोही. पण खोडावरून शब्द मालापर्यंत कसा आला ते पक्कं सांगता येत नाही, असं सर म्हणाले. किती प्रामाणिक माणूस."

आता तुम्हीच सांगा. इतकी वर्षं स्टॉक भरतो मी, स्टॉक मोजतो मी, आणि कौतुक कुणाचं? धंद्याचा नियम आहे: समोरच्याकडे नसलेला माल आपल्याकडे आहे असं आधी सांगून टाकायचं, मग शोधायला लागायचं.

"मला ठाऊक आहे," मी म्हणालो. "पूर्वी व्यापारी बाजारात ओंडक्यावर बसायचे. जितका माल जास्त, तितका ओंडका जाड. लोक ओंडका बघूनच भाव करायचे."

तिचा घास हातातच राहिला. असं कौतुकानं तिने माझ्याकडे लग्नातही पाहिलं नव्हतं.

"हे तुम्हाला कसं माहीत?"

"धंद्यात कळतं," मी म्हणालो आणि तीच भाजी पुन्हा वाढून घेतली.

एवढंच विसरलो, की ही बाई दोन दुकानांत विचारल्याशिवाय काही घेत नाही. दुसऱ्या संध्याकाळी वर्ग सुटल्यावर ती सरांनाच दुकानात घेऊन आली. ते म्हातारे निघावेत अशी माझी आशा होती. निघाले, पण देखणे म्हातारे.

"ओंडक्याचं कुठल्या कोशात मिळालं?" त्यांनी विचारलं.

"आधी चहा घ्या."

"कुठल्याच कोशात मिळणार नाही. तुम्ही ते रचलंय." (आवाज खरंच शांत होता. दंगा केला असता तर बरं वाटलं असतं.) बायको माझ्याकडे बघत होती आणि मी उगाच एक कुलूप उघडत-लावत होतो. "पण एका शब्दासाठी कुणी एवढं खोटं बोलावं, हे मी प्रथमच पाहतोय. माझ्या वर्गात लोक जांभया देतात. उद्या दुपारी येऊ का?"

तेव्हापासून सर रोज दुपारी माझ्या रंगाच्या डब्यावर बसून शब्दांची कुळं सांगू लागले. मलाही बरं वाटलं. डोळ्यांसमोर आहेत तोवर काळजी नाही. एकदा सहज विचारलं, "आमची ही वर्गात काय म्हणते?"

"त्यांनी वर्ग सोडून महिना होत आला. तुम्हाला माहीत असेल, म्हणून बोललो नाही."

रात्री बायकोला विचारलं.

"घरात शब्द, वर्गात शब्द, दुकानात गेले तर तिथेही तुमचं दोघांचं तेच. मी पोहायला जाते. तिथले सर अगदी कमी बोलतात."

दुसऱ्या दिवशी मी हे सांगितलं तेव्हा सरांनी कप खाली ठेवला. "पोहायला? माझा वर्ग सोडून? कोण शिकवतं?" आवाज पहिल्यांदाच चढला. "वय काय त्याचं?"

"तरुण आहे म्हणे."

संध्याकाळी सरांनी वर्गाला सुट्टी दिली, मी शटर लवकर ओढलं. दोघं तलावाच्या कठड्याशी जाऊन उभे राहिलो. बायकोने पाण्यातूनच आम्हाला पाहिलं, सावकाश काठाशी आली आणि त्या तरुणाला म्हणाली, "हे आमचे इंग्रजीचे सर."

मग तिची नजर माझ्याकडे वळली.

"आणि हे त्यांच्याबरोबर आलेत."