दाभाडे सरांनी तपासलेला मृत्युलेख

प्रा. त्र्यंबक दाभाडे बुधवारी सकाळी नेवाशात वारले. वय एकाहत्तर. त्यांचा मृत्युलेख आमच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत, माझ्या टेबलाच्या खणात तयार होता. तो त्यांनी स्वतःच तपासून दिला होता.

विज्ञान कशाला म्हणावे, हा त्यांचा विषय. त्यावर तीन पुस्तके. परदेशातल्या एका विद्यापीठाची मानद पदवी. गावात मात्र त्यांना ‘कशावरून सर’ म्हणत. शेजारच्या शेवंताबाई रोज भाकरी देत आणि नंतर विचारत, “सर, जेवलात का?”

“जेवलो, असं माझं म्हणणं आहे. तुम्ही ताट बघा.”

बहात्तरच्या दुष्काळात गावाने जमिनीखालचे पाणी सांगणारा पाणाड्या आणला. एका जागी त्याच्या तळहातावरचा नारळ उभा राहिला. लोकांनी हात जोडले. सर म्हणाले, “डोळे बांधून पुन्हा चालवा.” डोळे बांधल्यावर नारळ भलतीकडेच, देवळाच्या पायरीवर उभा राहिला. कोणी हसले नाही.

“सर, तुमी हुशार हाय, मान्य,” सरपंच म्हणाले. “पर निदान आशा तरी हुती. तुमी ती बी बुजवली.”

सर घरी गेले.

त्याच आठवड्यात ते माझ्याकडे आले. मोठ्या माणसांचे मृत्युलेख वर्तमानपत्रवाले आधीच लिहून ठेवतात, हे त्यांना ठाऊक होते.

“माझा दाखवा.”

लाल पेन्सिल त्यांनी बरोबर आणली होती. ‘जगद्विख्यात’ खोडले. “जग फिरून विचारलंत?” ‘विद्यार्थिप्रिय’ खोडले. “विद्यार्थी काय म्हणतात ते मला माहीत आहे.” मानद पदवी ठेवली, कारण तिचा कागद होता.

शेवटची ओळ होती, ‘त्यांच्या मागे एक मुलगा आहे.’ तिथे पेन्सिल थांबली.

मुलगा अरुण. इंटरला नापास झाला, सरांनी त्याला चारचौघांत उत्तरपत्रिका वाचायला लावली, आणि तो घरातून गेला. त्या गोष्टीला तेव्हा अकरा वर्षे झाली होती. पत्र नाही. पोलिसांनी शोध थांबवला होता. सरांच्या पत्नी दरम्यान वारल्या.

“ही ओळ काढू का, सर?”

“राहू द्या.”

“कशावरून?” मी विचारले.

सरांनी पेन्सिल खिशात ठेवली.

“तो पाणाड्या,” ते म्हणाले, “हरवलेली माणसंही सांगतो म्हणे. कुठल्या गावचा तो?”

मला गाव माहीत नव्हते. तसे मी सांगितले.

गुरुवारच्या अंकात ओळ तशीच छापली. त्या दिवशी शेवंताबाई भेटल्या. बुधवारी भाकरी घेऊन त्याच गेल्या होत्या, सर गेल्याचे त्यांनीच प्रथम पाहिले.

“दार कसं उघडलंत?”

“त्येला आतनं कुठं कडी हाय? पोरगं गेलं तवाच सरांनी उपटून टाकली. म्हनले, रात्री-अपरात्री आला तर वाजवायला लाजंल.”

मी जाऊन पाहिले. दाराला कडी नव्हती. चौकटीत खिळ्यांची चार भोके होती.